फोटोपुरता नारळ

सगुण मेथर नारळ घेऊन माझ्या खळ्यात आला, तेव्हा मी चुलीसाठी माडाची सुकी चुडतं फोडत होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि सकाळच्या प्रहरी अंगाला अत्तराचा वास. आमच्या काजरबेटाचा तो सरपंच.

"वयनी, आसास मां घरात?" मी समोर दिसत असूनही त्यानं विचारलं.

"आसंय. बोला भावजी."

"आज मंत्री येतत."

"ठावक आसा. चार दिवस तुमचो भोंगो बोंबलता."

तो हसला. त्याला अपमान लागत नसे, कारण लागला तर उत्तर द्यावं लागलं असतं. नारळ त्यानं हळूच ओट्यावर ठेवला. सोललेला, शेंडी राखलेला, हळदकुंकू लावून तयार.

"सभा झाली की मंत्र्यांसमोर तुमी ह्यो सोडूचो. पेपरवाले येतत. फोटो निघतलो."

माझ्या हातातला कोयता तसाच राहिला.

या नारळाचं आधी सांगायला हवं. आमच्या बेटावरची रीत अशी, की दर्यात गेलेला माणूस परत आला नाही तर बेटावरची एकही होडी मासे मारायला जात नाही. सगळ्या होड्या वाळूवर ओढून ठेवायच्या, त्याची बायको किंवा त्याची आई नारळ सोडेपर्यंत. गुडघाभर पाण्यात जायचं, त्याचं आणि त्याच्या बापाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, 'दर्या, हो तुजो', म्हणजे हा आता तुझा. हा अधिकार दुसऱ्या कुणालाच नाही, भटजीला नाही की सरपंचाला नाही. नारळ सुटला की माणूस संपला. पुढे तो जिवंत परत आला तरी तो दर्याचा. त्याला कुणी होडीत घेत नाही, कारण दर्या आपलं माणूस मागून घेताना सोबतच्यांनाही घेतो. माझ्या लहानपणी देवजी गिरकर म्हणून एक म्हातारा बेटावर शेळ्या राखायचा. तरणा असताना त्याच्या बायकोनं नारळ सोडला आणि महिन्याभरानं एका परक्या गलबतानं त्याला जिवंत आणून उतरवलं. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं पाण्यात पाऊल टाकलं नाही. बेटावरचा सगळ्यात चांगला तांडेल, होडीचा म्होरक्या, होता म्हणे, आणि आयुष्य गेलं शेळ्यांच्या मागे.

माझा नवरा वासुदेव कुबल दिवाळीच्या आधी एकटाच आपली छोटी होडी घेऊन जाळं काढायला गेला होता. दुपारी वारा फिरला. दहा-बारा दिवस झाले होते. होडीची एक फळी सापडली होती, तो सापडला नव्हता.

"मी सोडूचंय नाय," मी सगुणला म्हणाले. "पुनवेपर्यंत थांबा म्हणान मी सगळ्यांका सांगलंय."

"लोकांका पोटां आसत, वयनी."

"तुमच्या पोटाची काळजी दिसता माका."

"असा काय बोलतास? आणि हल्ली कोण मानता ह्या सगळा? जुन्या लोकांची खुळां ती. एक नारळ पाण्यात टाकूचो, फोटोपुरतो. तेवढ्यान कोण मरता काय?"

बोलताना तो माझ्याकडे न बघता खळ्यातल्या कोंबड्यांकडे बघत होता. बाईमाणसासमोर लाजतोय असं मला वाटलं. सगुण आणि लाज, हे दोन्ही एका ठिकाणी असू शकतात असं मला वाटलं, इतकी मी त्या दिवसांत डोक्यानं ठिकाणावर नव्हते.

"सभेक येतंय," मी म्हटलं. "पण नारळ सोडूक नाय. मंत्र्यांका सांगूचा आसा, शोधूक मोठी लाँच धाडा म्हणान."

"येवा तरी. थंय सगळी व्यवस्था केलेली आसा."

हे त्याचं लाडकं वाक्य. याच वाक्यावर त्याचं सगळं राजकारण उभं होतं.

सगुण जातीनं गाबीत, पिढीजात मच्छीमार, पण होडीत बसला की ओकायचा. तरुणपणी मुंबईला एका हॉटेलात गल्ल्यावर होता. तिथून का परत आला ते त्यानं कधी सांगितलं नाही. आला तो हा काळा चष्मा लावून आला. आधी क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष झाला, मग देवळाच्या जीर्णोद्धार समितीचा, आणि बेटावर पहिला टेलिफोन आला तो त्याच्याच पडवीत बसला. फोन ज्याच्या घरी, त्याच्या दारात माणसं येणारच. मग सरपंच व्हायला त्याला फार कष्ट पडले नाहीत. पुढे त्याचं काम एकच, तालुक्याला जाणं. नाकाशी लिंबू धरून होडीत बसायचा आणि पलीकडे उतरला की पुन्हा पुढारी व्हायचा. परत येताना हातात पेढ्यांचा पुडा आणि तोंडात 'व्यवस्था केलेली आसा'. पाण्याची व्यवस्था, विजेची व्यवस्था, डॉक्टरची व्यवस्था. सगळ्या व्यवस्था तालुक्यातच राहिल्या, बेटावर नुसत्या त्यांच्या बातम्या आल्या. जेटीची भूमिपूजनं तर इतकी झाली की एका कोनशिलेवर आम्ही बायका कपडे धुवायचो आणि दुसरी त्याच्याच न्हाणीला पायरी म्हणून बसवली होती.

आता त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. त्यासाठी मंत्री बेटावर यायला हवा, आणि एरवी आमच्या बेटावर कुत्रं फिरकत नाही तिथे मंत्री कशाला येतो? माणूस बुडाला म्हणून येतो. सांत्वन करता येतं, जेटी जाहीर करता येते, फोटो निघतो. माझ्या नवऱ्याचा सगुणला जिवंतपणी कधी उपयोग झाला नव्हता, तो असा होणार होता.

दुपारी मी किनाऱ्यावर गेले. कपाळाला कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. वाटेत बायका बाजूला झाल्या. त्या वाईट नव्हत्या; घरात मीठभात खाऊन कंटाळल्या होत्या, एवढंच. होड्या वाळूवर ओळीनं पडल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत पुरुष बसले होते. ते सगळे माझ्यामुळे बसून आहेत हे मला कळत होतं. रात्रंदिवस तेच कळत होतं.

स्टेजमागे रंगवलेला फलक लावला होता. 'कै. वासुदेव बाबाजी कुबल जेटी. नियोजित.' जेटी नियोजित होती, पण माझ्या नवऱ्याचं 'कै.' पक्कं होतं. ते अक्षर बघितलं आणि माझ्या अंगाची आग झाली.

मला स्टेजवरच एका खुर्चीत बसवलं. मंत्री आले, बसले, घाम पुसला. सगुण बोलायला उभा राहिला आणि वासूचं असं वर्णन करू लागला की मलाच प्रश्न पडला हा कोण माणूस. म्हणे बालमित्र. शाळेत वासूनं त्याला दोनदा बडवलं होतं, तेवढीच मैत्री. बोलता बोलता त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. मंत्र्यांनी शोक व्यक्त केला, जेटी जाहीर केली, टाळ्या झाल्या. मग सगुणनं माझ्या हातात नारळ दिला.

"साहेब," मी उभी राहून मंत्र्यांना म्हटलं, "माका जेटी नको. मोठी लाँच द्या शोधूक. कारवारपर्यंत तरी बघूक सांगा."

मंत्र्यांनी आपल्या सेक्रेटरीकडे बघितलं. सेक्रेटरीनं मान हलवली. मान कशासाठी हलवली ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"बघू, बघू," मंत्री म्हणाले. "ताई, आधी हा विधी होऊन जाऊ दे."

सगुण माझ्या कानाशी आला. "वयनी, साहेबांका उशीर होता. फोटोपुरतो. कोण मानता हल्ली?"

खालून कुणीतरी ओरडलं, "किती दिस बसूचा आमी? सोड गो बाये आता." दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. मग सगळेच बोलू लागले. ते माझ्या नवऱ्यासोबत जेवलेले, त्याच्यासोबत जाळी ओढलेले लोक. खरं सांगते, त्या क्षणी वाटलं की सोडून टाकावा, सुटेन एकदाची. मग डोळ्यांसमोर देवजी आला, शेळ्यांच्या मागे फिरणारा. मी नारळ मंत्र्यांसमोरच्या टेबलावर, त्यांच्या हारांच्या ढिगाशेजारी ठेवला.

"माजो घोव मेलो म्हणान माका अजून कोणी सांगूक नाय," मी म्हटलं. "दर्यान पण नाय. मी सोडूचंय नाय."

आणि खुर्चीत बसले.

मंत्र्यांनी घड्याळ बघितलं. फोटोवाला सगुणकडे बघू लागला. सगुणच्या कपाळावर घाम आला होता. एका क्षणात त्यानं माईक ओढला आणि म्हणाला, "दुःखान आमच्या वयनीचा मन थाऱ्यार नाय. वासूची आवय आज हयात नाय. पण माजी आवय ही सगळ्या बेटाची आवय आसा. तिच्या हातान आपण ह्यो नारळ सोडूया."

ही युक्ती त्याला त्याच घटकेला सुचली असणार. त्याची आई, भागीकाकी, टाळ्या पडत असताना येऊन पहिल्या रांगेत बसली होती. सुकलेली, कमरेत वाकलेली म्हातारी, पण बेटावर तिचा शब्द कुणी मोडत नसे. सगुण रांगत होता तेव्हा तिचा नवरा दर्यात गेला. मासळीचे दिवस होते म्हणून लोकांनी चौथ्याच दिवशी तिच्याकडून नारळ सोडवून घेतला. वासू हरवला त्या आठवड्यात ती माझ्याकडे येऊन बसली होती. म्हणाली होती, "घाई करू नको. माका अजून वाटता, पाचव्या दिवशी परत इललो असतो."

दोघांनी धरून तिला स्टेजवर चढवलं. ती थेट माझ्यासमोर आली. माझ्या चेहऱ्याकडे, मग कुंकवाकडे बघत राहिली.

"तारामती, तुका ह्येनी काय सांगूक नाय?"

"काय?"

"सकाळी इललो मां तो तुज्याकडे?"

"इललो. नारळ घेवन."

"आणि काय सांगल्यान?"

"नारळ सोडा म्हणालो. आणि काय सांगतलो?"

सगुण घाईघाईनं मध्ये आला, तिच्या हातात नारळ कोंबला आणि तिच्या कानाशी वाकला. मी तिथेच होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"आये, तू काय तेची खरी आवय न्हय. तुज्या हातचो नारळ लागूचो नाय तेका. फोटोपुरतो टाक आणि ये. मगे सगळा सांगूया."

काकीनं त्याच्याकडे नीट बघितलं. इतका वेळ तिनं आपल्या मुलाकडे कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

"बरा," ती म्हणाली.

ती स्टेजवरून उतरली आणि कुणाचा हात न धरता पाण्याकडे चालू लागली. लोकांनी वाट दिली. सगुण तिच्यामागून गेला, मंत्री उठून पुढे आले, फोटोवाला पँट दुमडून पाण्यात उतरला. मीही गेले, मला तो नारळ तिच्या हातातून हिसकावून घ्यायचा होता. पण मी पोचेपर्यंत ती गुडघाभर पाण्यात उभी होती. लुगड्याचा काष्टा भिजला होता. तिनं नारळ दोन्ही हातांनी वर धरला आणि मोठ्यानं, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं नाव घेतलं.

"सगुण लक्ष्मण मेथर."

कुणाला काही कळलं नाही.

"दर्या, हो तुजो," ती म्हणाली आणि नारळ सोडला.

लाट आली, नारळ थोडा मागे आला, मग ओहोटीच्या ओढीनं आत निघाला. आणि सगुणनं पढवून ठेवलेली पोरं, नारळ पाण्यात पडला की घोषणा द्यायची एवढंच ठाऊक असलेली, ती ओरडली, "वासुदेव कुबल अमर रहे."

"अमर खंयचो," काकी मागे वळून म्हणाली. "जितो आसा तो. सकाळी फोन इललो. माज्याच हातात होतो फोन. काकी, मी वासू, तारामतीक सांग म्हणालो. ह्येनी माज्या हातातसून काढून घेतल्यान आणि माका सांगल्यान, मी स्वता जावन सांगतंय तिका."

मी वाळूवर बसले. रडले की हसले ते आठवत नाही. बायका धावत आल्या. ज्या दुपारी वाटेत बाजूला झाल्या होत्या त्याच मला धरून बसल्या. पुरुषांनी सगुणला शिव्या दिल्या नाहीत की हात लावला नाही. ते सगळे त्याच्यापासून दोन-दोन पावलं मागे सरकले.

मंत्र्यांना मालवणी कळत नव्हती. सेक्रेटरीनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "चला, निघू या," ते म्हणाले. "मेथर, तुम्हीही चला. लाँचमध्ये बोलू."

लाँच पलीकडची होती, खलाशीही पलीकडचे. त्यांना आमच्या रीतीशी काही देणंघेणं नव्हतं. मंत्री चढले, सेक्रेटरी चढला. सगुण झब्बा वर धरून पाण्यात गेला. लाँचच्या कडेवर हात ठेवला, एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"या ना, मेथर," सेक्रेटरी म्हणाला.

सगुणनं पुन्हा पाय उचलला. मी वाळूवरून बघत होते, सगळं बेट बघत होतं. तिकीट समोर उभं होतं, हात पुढे करून बोलवत होतं. तो तसाच गुडघाभर पाण्यात उभा राहिला, आणि मग हळूच त्यानं कडेवरचा हात काढून घेतला.

"तुमी व्हा पुढे, साहेब," तो म्हणाला. "मी मागसून येतंय."

लाँच गेली.

तेव्हा मला कळलं की सगुण मानत होता. आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त मानत होता. नारळ म्हणजे काय हे त्याला पुरतं ठाऊक होतं, वासू जिवंत आहे हेही ठाऊक होतं, आणि दोन्ही ठाऊक असून त्यानं तो हळदकुंकू लावून माझ्या ओट्यावर आणून ठेवला होता. खुळचट माणूस म्हणून मी त्याला आयुष्यभर हसत आले होते. त्या दिवसानंतर मला त्याचं हसू आलं नाही, ओकारी आली.

वासू दुसऱ्या दिवशी आला. कर्नाटकातल्या एका ट्रॉलरनं त्याला उचललं होतं, तिकडच्या दवाखान्यात तापानं पडून होता. होडीतून उतरला तेव्हा निम्मा झाला होता. मी त्याला जेवायला वाढलं. सगुणनं फोनवर त्याला सांगितलं होतं, आज वारा आहे, उद्या ये, वयनीक मी सांगतंय. दुसऱ्याच भरतीला वासू पोरांसोबत जाळ्यावर गेला.

तिकीट दुसऱ्याला मिळालं. पुढच्या निवडणुकीत सरपंचपदही गेलं. तालुक्याला न जाणारा सरपंच कुणाला हवा होता? लोक तोंडावर काही बोलत नसत. त्यानं होडी मागितली की कुणाचं मशीन बिघडलेलं असे, कुणाचं डिझेल संपलेलं असे. खरं तर तो फार वेळा मागतही नसे. पडवीत बसून फोनवर पलीकडच्या लोकांना सूचना द्यायचा. ते फोन उचलेनासे झाले तरी द्यायचा. भागीकाकी त्याच घरात राहिली, त्याला दोन वेळचं जेवण करून वाढत राहिली. एकदा त्यानं तिचे पाय धरले म्हणे, मागे घे म्हणून. ती म्हणाली, "दर्याक दिललो परत कसो मागतले?"

चार वर्षांनी काकी आजारी पडली. पलीकडे दवाखान्यात न्यायला हवं होतं. वासूनं होडी काढली. चौघांनी तिला खाटेसकट उचलून आणलं, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सगुण मागून आला होता. पाण्याच्या कडेला येऊन थांबला. झब्बा तसाच पांढरा, पण इस्त्री नव्हती.

वासूनं होडीतून हात पुढे केला. "ये रे. मी घेतंय तुका. काय होवचा नाय."

वासूनं तो हात मनापासून दिला होता. असला शहाणपणा त्याला कुठून सुचतो ते मला अजून कळत नाही. मी असते तर दिला नसता.

सगुणनं हाताकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग पाण्याकडे. लाट त्याच्या पावलांवर आली तसा तो एक पाऊल मागे गेला.

"तुमी चला," तो म्हणाला. "थंय मी सगळी व्यवस्था केलेली आसा."

काकीनं डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं नाही.

"वासू," ती म्हणाली, "मशीन चालू कर."